लंडनहून मेहकरास : एका छायाचित्राविषयी खुलासा

तीर्थरूप आबांच्या सेवेशी, लंडननिवासी कुटुंबाकडून.

जेथे मद्य मिळते, जेवण मिळते आणि पूर्वी वाटसरूंना रात्रीचा आसराही मिळत असे, ती इंग्लंडातील जुन्या पबची वास्तू त्या देशाच्या वारसा-संरक्षणात मानाचे स्थान राखून आहे. सबब घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेल्या छायाचित्रात चिरंजीवांच्या हातातील पेल्याकडे न पाहता पाठीमागच्या लाकडी सज्ज्यांकडे पाहावे, अशी येथील मंडळींची विनंती आहे. पेल्यात लिंबाचे सरबत होते असे सूनबाईंचे म्हणणे असून चिरंजीवांनी त्यास अद्याप दुजोरा दिलेला नाही.

छायाचित्रातील इमारत लंडनच्या सदर्क भागातील 'जॉर्ज इन' होय. इन म्हणजे मुक्कामाची सोय असलेला पब, आपल्याकडील सराईच. 1676 च्या आगीत जुनी सराई जळाल्यावर 1677 मध्ये ती पुन्हा उभारण्यात आली. चौकात घोडागाड्या येऊन थांबत आणि उतारू वरच्या मजल्यांवरील सज्ज्यांतून आपापल्या खोल्यांकडे जात, अशी तिची रचना होती. पुढे रेल्वे आली, घोडागाड्या बसल्या आणि रेल्वे कंपनीनेच गोदामासाठी या सराईच्या दोन बाजू पाडल्या. उरलेली दक्षिणेकडील बाजू 1937 मध्ये दुसऱ्या एका रेल्वे कंपनीने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली, तेव्हा सज्ज्यांची अशी सराई लंडनमध्ये ही एकच उरली होती. तिच्यात आजही गिऱ्हाईक बसते आणि बिलही आकारले जाते, ज्याची पावती सूनबाईंनी जपून ठेवली आहे.

संरक्षणाची रीत अशी की, हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी संस्था शिफारस करते, संस्कृती खात्याचा मंत्री निर्णय देतो आणि इमारत पहिल्या, तारांकित दुसऱ्या किंवा साध्या दुसऱ्या श्रेणीत सूचीबद्ध होते. सूचीबद्ध इमारतीचे रूप बदलेल असे कोणतेही काम, मग ते आतले का असेना, स्थानिक प्रशासनाच्या संमतीविना करता येत नाही. हे 'आतले' कोठवर जाते याचा उत्तम दाखला लिव्हरपूलच्या 'फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स' या पबात सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर थॉमस या वास्तुविशारदाने बांधलेल्या या पबला 2020 मध्ये पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. तांब्याचे उठावाचे पत्रे, कोरीव लाकूड आणि रंगीत काचा यांनी तो नटलेला आहेच, परंतु त्याची खरी कीर्ती पुरुषांच्या मुतारीवर उभी आहे. तेथील गुलाबी छटेच्या संगमरवराची भांडी पाहण्यास स्त्रियाही येतात. सूनबाईंनीही रीतसर परवानगी काढून त्यांचे दर्शन घेतले, मात्र ती छायाचित्रे गटावर टाकू नयेत असे कुटुंबात एकमताने ठरले आहे.

सूचीत नाव नसले म्हणजे काय होते, हेही आबांस कळावे. स्टॅफर्डशायरमधील 'क्रुकेड हाउस' ही 1765 ची इमारत खालच्या कोळशाच्या खाणींमुळे एका अंगाने खचली होती, इतकी की आत टेबलावरची गोटी चढावर गडगडत जात असल्याचा भास होई. ती सूचीत नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये तिला आग लागली, दोन दिवसांत ती जमीनदोस्त करण्यात आली आणि पुढच्या वर्षी स्थानिक कौन्सिलने ती होती तशी पुन्हा बांधण्याचा आदेश काढला. असा आदेश अमलात येऊ शकतो हे लंडनच्या किलबर्न भागातील 'कार्लटन टॅव्हर्न'ने आधीच दाखवले होते. सूचीत घेण्याचा विचार चालू असतानाच 2015 मध्ये तो पब विनापरवाना पाडण्यात आला. रहिवासी खवळले, वेस्टमिन्स्टर कौन्सिलने वीट अन् वीट पूर्ववत रचण्याचे फर्मान सोडले आणि 2021 मध्ये पब पुन्हा उघडला. हे साधले, कारण पाडण्यापूर्वी त्या इमारतीची बारीकसारीक नोंद झालेली होती. मेहकरच्या बालाजीची मूर्ती लंडनला नेण्याचा इंग्रज साहेबांचा बेत गावाने हाणून पाडला असे मेहकरात सांगतात; किलबर्नच्या रहिवाशांचा संतापही त्याच जातीचा म्हणावा लागेल.

मेहकरची जुनी धर्मशाळा, म्हणजे चुन्याविना घडीव दगड एकमेकांत बसवण्याच्या हेमाडपंती रीतीचे गावातले काम, हीदेखील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत मोडते. आपला 1958 चा कायदा आणि त्यातील 2010 ची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकाभोवती शंभर मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. कागदावर पाहता हा कायदा इंग्रजांच्या कायद्याहून कडकच आहे. फरक इतकाच की, इंग्रज आपली सराई चालू ठेवून जपतात, तर आपल्याकडे फलक लागतो आणि वाटसरू बाहेर राहतो. धर्मशाळेत गुत्ता काढावा असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. चहाची किटली पुरे आहे.

आता मुख्य कामाचे. स्लॅब टाकण्यासाठी घराची मागील ओसरी दिवाळीनंतर पाडण्याचे काकांनी योजिले असल्याचे येथे कळले. ओसरी कोणत्याही श्रेणीत नाही आणि काकांपुढे कोणत्याही कौन्सिलचे चालणार नाही, हे येथील मंडळी जाणून आहेत. तरी सागवानी खांबांची मापे घ्यावीत, प्रत्येक खांबाचे चारही बाजूंनी छायाचित्र काढावे, तुळयांवर खडूने क्रमांक घालावेत आणि कोरीव पोपटांपैकी कोणाची चोच मोडली आहे तेही लिहून पाठवावे. खांब भंगारात घालू नयेत. चिरंजीव उन्हाळ्यात येत आहेत, तोवर ते गोठ्यात उभे करून ठेवावेत, आणि वाळवी लागू नये म्हणून खाली विटा द्याव्यात.