उडीची मोजणी

भूमि अभिलेख खात्यात शंकू-साखळी ओढण्यात हयात घालवून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याचा क्रीडाक्षेत्राशी संबंध यावा असे वस्तुतः काही कारण नाही. परंतु बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या सरावासाठी स्वयंसेवक हवे आहेत असे कळल्यावरून मी मैदानावर गेलो, आणि टेप धरण्यातील माझी सफाई पाहून तेथील व्यवस्थापक बाईंनी उभ्याने मारावयाच्या लांब उडीचा प्रशिक्षक म्हणून माझी तात्काळ नेमणूक करून टाकली. मला स्वतःला उडी मारता येत नाही, अशी हरकत मी रीतसर नोंदविली; ती फेटाळण्यात आली.

ह्या खेळांचे मूळ अमेरिकेत. युनिस केनेडी श्रायव्हर ह्या बाईंनी १९६२ साली मेरिलँडमधील आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांचे उन्हाळी शिबिर भरविले, आणि १९६८ च्या जुलैत शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले स्पेशल ऑलिंपिक्स झाले. स्पर्धेत उतरण्यास वयाची आठ वर्षे पूर्ण असावी लागतात, वरची मर्यादा मात्र मुळीच नाही. त्यामुळे माझ्या हाताखाली, कानांवरचे केस पांढरे झालेला आणि तरीही मला बिनदिक्कत ‘काका’ म्हणणारा एक गृहस्थ आला. त्याच्याविषयीच मुख्यतः सांगावयाचे आहे.

परंतु आधी कायदा. प्राथमिक फेरीतील कामगिरी पाहून जवळजवळ समान शक्तीच्या, सामान्यतः तीन ते आठ, खेळाडूंचा एकेक गट पाडतात, आणि अंतिम फेरीत एखाद्याची कामगिरी प्राथमिक फेरीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक सुधारली, तर तो बाद ठरू शकतो. सबब, आधी अंग चोरून दुबळ्यांच्या गटात शिरावे आणि मागाहून रुद्रावतार धारण करावा, ही वाट बंद. ज्या मुलखात हद्दीच्या कज्ज्यात जमीन सोन्याच्या मोलाची आणि सारा भरण्याच्या वेळी तीच निव्वळ खडकाळ असते, तेथे आयुष्य काढलेल्या मला हे कलम वाचून गहिवरून आले, आणि ते सर्व सरकारी दफ्तरांस लागू का करू नये, असा एक मसुदाही मी मनातल्या मनात तयार केला.

आता, ही माणसे म्हणजे निष्पाप देवदूत, असे सद्गदित होऊन सांगणारे पाहुणे मैदानावर वरचेवर येतात. त्यांनी एकदा आमच्या ह्या गृहस्थाशी बिस्किटांच्या पुड्यावरून व्यवहार करून पाहावा. सरावाची शिट्टी झाली की त्याचे पोट दुखे आणि चहाची किटली दिसली की ते थांबे. एरवी तो अशी उडी मारी, की टेप धरून बसलेल्या मला मागे सरकावे लागे. मात्र प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवशी, प्राथमिक फेरी चहाच्या आधी आल्यामुळे, त्याने केवळ रेषा ओलांडण्यापुरती तसदी घेतली.

मला घाम फुटला. चहानंतर हा खरी उडी मारणार आणि १५ टक्क्यांच्या कलमात सापडणार! सुदैवाने, खेळाडू प्राथमिक फेरीत आपल्या नित्याच्या शक्तीहून उणा पडला असे प्रशिक्षकास वाटल्यास त्याने अंतिम फेरीपूर्वी तसे लेखी कळवावे, अशी तरतूद आहे. मी सरावाच्या वहीतील मोजमापांच्या आधारे, सेंटिमीटरसुद्धा नमूद करून, असा बिनतोड अर्ज लिहिला, की तो त्याच दिवशी मंजूर झाला. उभ्या नोकरीत असा प्रसंग माझ्या पाहण्यात नव्हता. गृहस्थाची वरच्या गटात बदली झाली.

अंतिम फेरीत त्याने सकाळच्यापेक्षाही आखूड उडी मारली. पहिल्या तिघांना पदके आणि पुढच्यांना रिबिनी असतात. त्यांतली एक निळी रिबीन छातीवर लावून तो प्रसन्न मुद्रेने माझ्याकडे आला.

“काका, कागदावर किती लिहिलं होतंत?”

मी आकडा सांगितला.

त्याने क्षणभर माझ्या पायांकडे पाहिले. “एवढी लांब? मग ती तुम्हीच मारायची होती,” असे म्हणून तो किटलीच्या दिशेने निघून गेला.