हरकती आणि सूचना

वीज नियामक आयोगातून निवृत्त होऊन वीजकंपन्यांचेच सल्लागार झालेले एखादे गृहस्थ आपल्याही परिचयाचे असतीलच. आमच्या दादरचे ‘आयोगसाहेब’ त्याच गोत्रातले. १९९८ च्या कायद्याने राज्योराज्यी आयोग अवतरले, महाराष्ट्राचा १९९९ साली स्थापन झाला, आणि अशाच एका राज्याच्या आयोगाचे सदस्यत्व पाच वर्षे भोगून परतलेल्या या गृहस्थांना हरकती मागवल्यावाचून साधी खिडकी उघडणेही अशक्य होऊन बसले. पाण्याच्या पंपाची वेळ बदलायची, मागवा हरकती. गणपतीची वर्गणी वाढवायची, मागवा हरकती. मुलीच्या लग्नात जिलबी की श्रीखंड, या प्रश्नावर तर त्यांनी व्याह्यांकडून एकवीस दिवसांत लेखी सूचना मागवल्या आणि मुहूर्त अंगावर आल्यावर जिलबीचा ‘अंतरिम आदेश’ काढला.

२००३ च्या विद्युत कायद्याने सदस्याला पद सुटल्यावर दोन वर्षे व्यावसायिक नोकरी वर्ज्य केली आहे. ती दोन वर्षे त्यांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चातुर्मास पाळावा तशी काढली आणि तिसऱ्या वर्षी दारावर ‘सल्लागार’ अशी पितळी पाटी झळकली. कोणत्याही आयोगापुढे ‘कोणत्याही प्रकारे’ कुणाची बाजू मांडण्यास तोच कायदा त्यांना मनाई करतो. म्हणून सुनावणीला ते शेवटच्या रांगेत मौन धारण करून बसतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या वकिलाच्या मुखातून बोलतात. (‘कोणत्याही प्रकारे’ या शब्दांवर मात्र त्यांनी अद्याप हरकती मागवलेल्या नाहीत.) एकदा अशाच चिठ्ठीने त्यांच्याच सहीच्या जुन्या आदेशाचे वाभाडे निघाले. मी छेडले, तर शांतपणे म्हणाले, “त्या वेळी या मुद्द्यावर हरकतच आली नव्हती हो!”

लालबागची चाळ सोडून दूर उपनगरात गेलेली एका गिरणी कामगाराची विधवा पूर्वी त्यांच्याकडे पोळ्या करीत असे. ती एकदा वीजबिल घेऊन आली. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे सारे साहेबांनी तिला तासभर पेन्सिलीने समजावले. आणि ज्या दरवाढीच्या याचिकेचा मसुदा त्यांनी दिवसा सिद्ध केला होता, तिच्याविरुद्धची हरकत रात्री बसून लिहिली, नातवाकडून तिची नक्कल करवून घेतली आणि खाली बाईची सही घेतली.

हरकतींना कंपनीतर्फे उत्तरे देण्याचे काम अर्थातच त्यांच्याकडे आले. परवा मध्यरात्री त्यांच्या खिडकीत दिवा दिसला म्हणून डोकावलो.

“पाचव्या मुद्द्याला उत्तर सुचत नाही,” ते काहीशा अभिमानाने म्हणाले. “बाई फार बिनतोड लिहिते.”