चहाचा खवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक काळाकुट्ट डबा येऊन बसला. एका बाजूला येसराची बरणी, दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याचा कूट आणि मधे हा, दात विचकणाऱ्या कवटीचं चित्र मिरवत. बायकोला आधी ते उंदराचं औषध वाटलं. तिनं ते उचलून वरच्या माळ्यावर टाकलं होतं. भाच्यानं घर डोक्यावर घेतलं तेव्हा कळलं, की हे औषध उंदरासाठी नसून भरतीसाठी आहे.

भाचा पोलीस भरतीची तयारी करायला वाडीवरून आमच्याकडं राहायला आलेला. पहाटे पाचला आमच्या भूमच्या कुठल्याही रस्त्याला उभं राहा, परंड्याच्या किंवा वाशीच्या, अंधारातून पोरं धापा टाकत येताना दिसतात. नवख्या माणसाला वाटावं, गावात वाघ शिरलाय. वाघबिघ काही नाही, सोळाशे मीटर आहे. मैदानी चाचणीचे गुण 50. त्यातले 20 एकट्या सोळाशे मीटरला, उरलेले शंभर मीटर आणि गोळाफेकीला पंधरा-पंधरा. काही सेकंद इकडं-तिकडं झाले की गुण गेले, आणि गुण गेले की वर्ष गेलं. अशा पोराला कुणी सांगितलं, की व्यायामाआधी घेतलेल्या या डब्यातल्या चमचाभर पावडरीनं चार सेकंद वाचतात, तर ते पावडर घेणार नाही तर काय करणार? आम्ही बीएडच्या प्रवेशासाठी आलमप्रभूला नारळ फोडलाच होता की.

माझी गोष्ट वेगळी. वय 49, वजन 80, पेशा मास्तरकी. साखर 'बॉर्डरवर' असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी संध्याकाळी सहाला जिममध्ये जायला लागलो होतो. जायला लागलो म्हणजे जायचो. तिथं पोचल्यावर दमलेलो असायचो. भाच्याला माझी दया आली.

"मामा, एक स्कूप मारा. नुसतं उडताल बगा."

मी मारला. पाण्यात कालवल्यावर रंग पंगतीतल्या सरबतासारखा, चव लिमलेटची गोळी अंगाच्या साबणाबरोबर चघळल्यासारखी. वीस मिनिटांनी कानाच्या पाळ्यांना मुंग्या आल्या. मग गालांना, मग मानेला, मग हातांना. आमच्या घराण्यात आजीच्या अंगात यायचं. तो वारसा माझ्याकडं आला असं समजून मी मनातल्या मनात देवीची माफी मागितली. (या मुंग्या पावडरीतल्या कॅफीनच्या नव्हत्या, हे नंतर वाचलं. अशा पावडरींत बीटा-अ‍ॅलनीन नावाचा आणखी एक पाहुणा असतो, मुंग्या त्याच्या. त्या वाटतात भयंकर, पण आपोआप जातात. आजीच्या अंगातलं मात्र साडी दिल्याशिवाय जात नसे.)

ट्रेडमिलवर चढलो आणि खरंच उडालो. सात मिनिटं. आठव्या मिनिटाला लाईट गेली.

हृदय धाडधाड चाललेलं, पाय पळायला आतुर, आणि खालचा पट्टा जागच्या जागी. इतकी ताकद आयुष्यात पहिल्यांदाच आली होती आणि ती घालवायला गावात जागा नव्हती. घरी येऊन स्कूटर धुतली, शेजाऱ्यांचीही धुतली. रात्री अकराला अंथरुणावर पडलो, साडेअकराला उठलो. दोन वाजता बायको डोळे चोळत बाहेर आली, तर मी नववीचे पेपर तपासतोय.

"अहो, दोन वाजलेत. काय करायलाव तुम्ही?"

"मूल्यमापन," मी म्हणालो. त्या रात्री तपासलेल्या गठ्ठ्यात सगळे पास झाले. भूमितीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डोळे तांबारलेले आणि डोकं जड. भिंग घेतलं आणि डब्याच्या मागचा मजकूर वाचला. तो पिंपळाच्या पानावर शिवचरित्र लिहावं इतक्या बारीक अक्षरांत होता. एका स्कूपात कॅफीन 300 मिलिग्राम. आमच्या कपातल्या चहात ते 40 च्या आसपास धरतात. म्हणजे मी संध्याकाळी सहाला उभ्याउभ्या साडेसात कप चहा एका घोटात ढोसला होता. त्याआधी दिवसभरात पाच कप झालेले होतेच: उठल्यावर एक, शाळेत दोन, सुटल्यावर एक, आणि एक कुणीतरी आग्रह केला म्हणून. बेरीज पाचशे.

पाचशे म्हणजे किती हे कळायला मी बरंच वाचलं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2015 साली हिशोब मांडला. धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रामपर्यंत कॅफीन घेण्यानं चिंता नाही. गरोदर बाईनं दिवसाला 200 च्या आत राहावं. मी एका संध्याकाळी दोन्ही रेघा ओलांडल्या होत्या. तेही साखर बॉर्डरवर असताना.

हे कॅफीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते 1819 साली, रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं, आणि काढायला लावलं एका कवीनं. रुंगेनं बेलाडोनाचा अर्क मांजराच्या डोळ्यात घालून बाहुली मोठी करून दाखवली. महाकवी गटे त्यावर खूष झाले आणि त्यांनी त्याला कॉफीच्या बिया दिल्या, यात काय आहे ते बघ म्हणून. कवीच्या नादी लागून झोप उडालेला रुंगे पहिला नसावा. पुढं 1827 मध्ये चहातूनही असंच द्रव्य निघालं, त्याला 'थीन' असं निराळं नाव दिलं गेलं, आणि अकरा वर्षांनी उलगडा झाला, की दोघं एकच. आपल्याकडं एका माणसाची दोन आधार कार्डं निघतात, तसं.

ते काम कसं करतं, हे मला एसटीमुळं समजलं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या सीटवर बसलं की आपल्याला थकवा जाणवतो. कॅफीन काय करतं, तर भूम स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकावा तशी ती सीट धरून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन मधल्या वाटेत उभं राहतं. ते गाडीतून उतरलेलं नसतं! थकवा गेला असं आपल्याला वाटतं; तो फक्त दांडीला धरून उभा असतो. कॅफीन उतरलं की सगळी गर्दी एकदम बसते. आणि ते लवकर उतरत नाही. सर्वसाधारण माणसात निम्मं व्हायला पाचेक तास घेतं. संध्याकाळी सहाचे 300 रात्री अकराला 150, पहाटे चारला 75. म्हणजे मी जवळजवळ चार कप चहा पोटात ठेवून झोपायला गेलो होतो.

म्हणून ते थोतांड आहे का? तर नाही, हीच पंचाईत आहे. शरीराच्या वजनाच्या किलोमागं 3 ते 6 मिलिग्राम कॅफीन तासभर आधी घेतलं तर पळणाऱ्याचा आणि वजन उचलणाऱ्याचा जोर थोडा वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. एके काळी लघवीत ठरावीक मर्यादेपलीकडं कॅफीन सापडलं तर ऑलिंपिकचा खेळाडू गोत्यात यायचा. 2004 पासून ते बंदीच्या यादीतून काढलं. मात्र हे आकडे बहुतेक तयारीच्या खेळाडूंचे आहेत. त्यात माझ्यासारखा मास्तर कुणी मोजलेला नाही. ज्याला रक्तदाब आहे, ज्याच्या छातीचे ठोके आधीच बेतालात पडतात, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय या डब्याचं झाकणही उघडू नये.

मी हे सगळं माझ्या वर्गमित्राला सांगत होतो. त्याची खव्याची भट्टी आहे. आमच्या तालुक्यात ही गोष्ट 'त्याला नाक आहे' इतकीच विशेष. कढईत खुरपणी फिरवत त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा निघतो. लिटरभर दूध पिणारी माणसं मी लई बघितली. पण तेवढ्याच दुधाचा खवा एका बैठकीत खाल्ला, की माणूस रात्रभर टमरेल घेऊन पळतो. तुझी ती पावडर म्हणजे चहाचा खवा हाय."

इतकी वाचावाच करून मला जे जमलं नाही, ते त्यानं एका वाक्यात आटवलं. चहाला एक शहाणपण आहे: तो पोट भरवतो, तोंड पोळवतो, सातव्या कपाला नको म्हणायला लावतो. खव्याला ती अडवणूक नाही. अमेरिकेचं औषध प्रशासन तर शुद्ध कॅफीनच्या भुकटीबद्दल सांगतं, की तिच्या एका चमच्यात अठ्ठावीस कप कॉफीइतका ऐवज असतो. हात जरा जड पडला की जिवावर बेततं. अशा भुकटीनं माणसं गेलेली आहेत. आणि आमच्या जिममधली पोरं त्यांच्या डब्यातली पावडर पाण्याविना, कोरडीच तोंडात टाकून मोबाइलसमोर ठसकतात.

भाच्याला मी हे वहीत आकडे मांडून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मामा, माझी चार सेकंदं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी तोड निघाली: अर्धा स्कूप, तोही फक्त वेळ लावून पळायच्या दिवशी, पहाटे. एरवी नऊला अंथरुणात. महिन्याभरात त्याची सहा सेकंदं कमी झाली. चार पावडरीची आणि दोन झोपेची असं तो म्हणतो; माझं म्हणणं उलट आहे.

तुमच्या घरातही असा डबा असेल तर भिंग घ्या, मागचा आकडा वाचा, त्यात दिवसाचे चहा मिळवा. बेरीज चारशेपुढं गेली तर दोनांतलं एक कमी करावं लागेल. आमच्या घरात चहा कमी होणं शक्य नव्हतं. माझा डबा बंद झाला.