विनाथांबा घेवडा

आमचं फाटक वाजलं की बायको आतूनच विचारते, "किती आहेत?" मी पिशवीत डोकावतो आणि सांगतो, "नऊ." ती म्हणते, "सोमवारी सातच होत्या. बरं चाललंय की!"

या नऊ म्हणजे घेवड्याच्या शेंगा, आणि पिशवी आणून देणारे म्हणजे आमचे कंट्रोलर अण्णा.

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत अण्णांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. एसटीत जन्म गेला, त्यातली शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये, माईकपुढं. निवृत्तीला माईक परत केला, पण आवाज तेवढा घरी आणला. घरात ते चहा मागत नाहीत. "चहा कुठपर्यंत आलाय?" अशी चौकशी करतात. काकूही कमी नाहीत. आतून म्हणतात, "दूध टेंभुर्णीला आहे."

असा माणूस बागेकडं वळला तर टोमॅटोशी त्याचं पटणं शक्यच नव्हतं. टोमॅटो कधी लागेल, किती दिवस लागेल, काही लेखी नाही. दोडक्या-कारल्यावर तर त्यांचा रागच. "वेल म्हणजे हात दाखवा, गाडी थांबवा. भेटेल त्याला धरून उभा राहतोय." मग एके दिवशी बियाण्याच्या दुकानात त्यांना झुडपी घेवड्याचं पाकीट दिसलं. पाकिटावर छापलं होतं : पहिला तोडा ५० ते ५५ दिवसांत. भाजीवर वेळ छापलेली अण्णांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. गुडघ्याएवढं झुडूप, मांडव नको, काठी नको, फूल आपलं आपणच फळतं, तीनचार तोडे देऊन रजा घेतं. "विनाथांबा!" अण्णा म्हणाले, आणि पाकीट खिशात घातलं.

सुरुवात काही वेळेवर झाली नाही. पहिल्यांदा त्यांनी बी मटकीसारखं रात्रभर भिजवलं, आमच्या काळ्या मातीत टोकलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. सोलापूरची काळी माती एकदा पाणी धरून बसली की लवकर सोडत नाही. उगवायला आठवडा पुरे, पण दहाव्या दिवशी उकरून पाहिलं तर बियांची पिठी झालेली. तेव्हापासून मातीत वाळू आणि शेणखत, बी कोरडं, खोली बोटाचं दीड पेर, दोन बियांत वीतभर अंतर आणि वापसा आल्याशिवाय हात लावायचा नाही. हे सगळं त्यांनी लॉगशीटला लिहून ठेवलंय. कुणी विचारलं तर दाखवतात, न विचारलं तरी दाखवतात.

दुसऱ्यांदा मार्चमध्ये पेरलं. रोपं अशी तरारली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. एप्रिलमध्ये फुलं आली आणि एप्रिलमध्येच गळाली. एक शेंग धरली नाही. पारा पस्तिशीपुढं गेला की घेवड्याची कळी टिकत नाही आणि आमच्याकडं तो चाळिशी ओलांडल्याशिवाय उन्हाळा आला असं कुणी मानत नाही. अण्णा रिकाम्या झाडांपुढं उभे राहून म्हणाले, "गाडी लागली, बोर्ड लागला, पॅसेंजरच चढले नाहीत." डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे, मग घेवड्याचं का नाही, हा प्रश्न त्यांनी तेव्हापासून धरून ठेवलाय. डाळिंब या उन्हात टिकतं, घेवडा टिकत नाही, हे उत्तर मी एकदा देऊन पाहिलं. चार दिवस शेंगा आल्या नाहीत.

मग त्यांनी गणित उलटं मांडलं. सोलापुरात घेवड्याला मानवते ती थंडी, आणि थंडीतला मोठा दिवस भोगीचा. बाजरीची भाकरी, तीळ, गाजर, हरभरा आणि घेवडा. भोगी १३ जानेवारीला, पंचावन्न दिवस मागं मोजले की १९ नोव्हेंबर. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता चोवीस बिया टोकल्या. नळाला आमच्याकडं काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घेवड्यासाठी एक वेगळं पिंप राखीव ठेवलं. त्यावर खडूनं लिहिलं 'आरक्षित'. मावा आला तर निंबोळी अर्क, तोही सायंकाळचाच. पण त्या वर्षी थंडी जरा जास्तच होती, आणि थंडीत घेवडा रेंगाळतो हे पाकिटावर छापलेलं नव्हतं. गाडी दोन दिवस लेट झाली. भोगी गेली, संक्रांत गेली आणि पहिला तोडा निघाला किंक्रांतीला. कर म्हणून त्या दिवशी कुणी नवीन काही करत नाही. सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेलं आणि अण्णा मूठभर शेंगा घेऊन फाटकात एकटे.

पुढच्या वर्षी ते पाच दिवस आधीच सुटले. भोगीच्या आदल्या दिवशी ताटलीभर कोवळ्या शेंगा काकूंपुढं ठेवल्या. काकूंनी एक उचलली, कट्कन मोडली आणि म्हणाल्या, "ही फरसबी आहे. भोगीला वालाचा घेवडा लागतो, चपटा."

दोन वर्षांचं वेळापत्रक, आणि गाडी भलत्याच फलाटावर!

तसं बघितलं तर चूक अण्णांची नाही, आपल्या भाषेची आहे. वालाची शेंग घेवडा, पावट्याची कुठं कुठं घेवडा, आणि ही तिसरी श्रावण घेवडा. फरसबी हे नाव फ्रेंच बीनवरून पडलं. फ्रेंच मधले दलाल, कारण मूळ झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. झाडावरच वाळली तर हिचाच राजमा होतो, कारण जात एकच. अण्णांच्या झुडपांत पानांआड तीनचार शेंगा नेहमी सुटतात आणि वाळून खडखडीत होतात. आत दाणे निघतात. त्यांना ते 'वस्तीच्या गाड्या' म्हणतात आणि पुढच्या पेरणीसाठी काडेपेटीत ठेवतात. शेंगा झाडावर जून होऊ दिल्या की झाड नवीन फूल धरायचं थांबतं, म्हणून दोनतीन दिवसांनी तोडा घ्यावाच लागतो. आमच्या फाटकाचा त्रास तिथून सुरू होतो.

कारण अण्णा शेंगा खात नाहीत, वानोळा देतात. चोवीस झुडपांचा एक तोडा फार तर पाव-अर्धा किलोचा. त्याचे आठ घरांत आठ वानोळे. शेंगा मोजून, लांबी जमवून, धुतलेल्या पिशवीत. खुद्द त्यांच्या घरी काकू लक्ष्मी मंडईतून श्रावण घेवडा विकत आणतात, हे मला भाजीवालीकडूनच कळलं.

सात शेंगांची भाजी चार माणसांत कशी करायची? आमच्याकडं त्यात मंडईतला अर्धा किलो मिसळतात. पूर्वी बायको शिरा काढायची. ही बिनशिरेची शेंग, हिचं बी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅल्विन कीनी नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला निवडून काढलं, हे मी तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढची शेंग शीर काढायला उचलली. शीर निघाली नाही म्हणून शेंगेलाच नावं ठेवली.

संध्याकाळी फोन येतो. "भाजी पोचली का?" पोचली म्हणजे झाली का, आणि झाली म्हणजे कशी झाली. नुसतं 'छान' चालत नाही. "आपल्या शेंगा वेगळ्या कळल्या का?" असा थेट सवाल येतो. अर्ध्या किलोत सात शेंगा ओळखायला बायको काही ज्योतिषी नाही, पण ती शांतपणे सांगते, "लगेच कळल्या की अण्णा. कोवळ्या!" पलीकडं पेन चालल्याचा आवाज येतो. वहीत त्या पानावर त्यांनी ठसठशीत लिहिलंय : 'प्रवाशांच्या सूचना व तक्रारी'. मी एकदा वही चाळली. तक्रारींचा रकाना कोरा आहे. समोरच्या घरातल्या सूनबाईंनी तर 'साखरेसारख्या' असं लिहवून घेतलंय आणि त्यांच्याकडं घेवडा कुणी खात नाही. त्या घरचा सगळा वानोळा गाईला जातो. गाईचं मत अजून वहीत आलेलं नाही.

सध्या आमच्या फ्रिजमध्ये सोमवारच्या सात, आजच्या नऊ अशा सोळा शेंगा आहेत. कुणाला हव्या असल्या तर खुशाल घेऊन जा. पिशवी धुऊन परत करायची आणि चव अण्णांना संध्याकाळी सहाच्या आत कळवायची.