मुक्ताईनगरात नव्याने येणाऱ्या जिवाणूंसाठी प्रवेशपूर्व सूचना

होतकरू जिवाणूने वास्तव्यासाठी मुक्ताईनगर निवडले, तर निवड चुकली असे म्हणता येणार नाही. पूर्णाकाठची काळी माती, हतनूर धरणाचे पसरलेले पाणी, नजर जाईल तिकडे केळीच्या बागा आणि त्या बागांत वाकून पिलं कापणारे उघडे हात. विळा निसटावा, बोट कापावे, शेणखताची माती जखमेत जावी. प्रवेशाला याहून चांगला मुहूर्त नाही. हौशी मंडळींना आषाढीचाही पर्याय आहे. मुक्ताईच्या पालखीसोबत निघालेल्या वारकऱ्याच्या तळपायाचा फुटलेला फोड गाठला, तर वारी फुकटात घडते.

जखमेवर लगेच हळद दाबली जाईल. तिच्याविषयी येथे काही सांगायचे नाही. ज्या हळदीला भ्यायचे, ती आत आहे.

जुनेजाणते जिवाणू नवशिक्यांना एक सल्ला हमखास देतात. ‘गावात नवा आहेस, तुला कोण ओळखतो? तुझ्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा तरी जाईल. तोवर संसार वाढवून घे.’ अनुकूल जागी वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्याला आठवडा म्हणजे शेकडो पिढ्या. हिशेब चोख आहे. मात्र हा सल्ला मानून आत गेलेल्यांपैकी अनुभव सांगायला फारसे कुणी परतलेले नाही.

कारण रक्तात पूरक प्रथिने असतात. पूरक हे नाव ऐकून फसू नये. प्रतिपिंडांच्या मदतीला म्हणून ती ओळखली गेली खरी, पण ती प्रतिपिंडांची वाट पाहत बसत नाहीत. संख्येने तिसाहून अधिक, बहुतेक यकृतात तयार झालेली. त्यांतले मुख्य सी३, रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये सुमारे १ मिलिग्रॅम. शत्रू असो वा नसो, यातले थोडे थोडे सी३ सतत आपणहून सक्रिय होत राहते. त्यातून निघणाऱ्या तुकड्याला कुठल्यातरी पृष्ठभागाला चिकटायला क्षणभराचा अवधी मिळतो. तेवढ्यात काही सापडले नाही, तर पाण्याशी संयोग होऊन तो वाया जातो. इतकी उधळपट्टी कोणत्याही खात्याला परवडणार नाही, यकृताला परवडते. आणि त्या क्षणी तुम्ही जवळून जात असाल, तर पृष्ठभाग तुमचा.

अंगाला चिकटलेल्या या तुकड्याला सी३बी म्हणतात. त्याचा बंध रासायनिक असतो, धुऊन निघत नाही. एक चिकटला की फॅक्टर बी आणि फॅक्टर डी यांच्या साहाय्याने तिथेच नवे विकर तयार होते, ते आणखी सी३ कापते, त्यातून आणखी सी३बी. काही मिनिटांत लाखो. आपल्याला हळद लागली, असे समजावे. नवरदेव कोण, हे वऱ्हाडाला आता विचारावे लागत नाही. भक्षक पांढऱ्या पेशी अशा अंगाला घट्ट धरतात, आणि त्या अक्षता टाकायला आलेल्या नसतात. कापताना सुटलेले सी३ए आणि पुढचे सी५ए हे छोटे तुकडे दरम्यान रक्तवाहिन्या सैल करतात, आणखी पेशी बोलावतात. बाहेर शेतकऱ्याला एवढेच कळते, की बोट सुजले आहे आणि ठणकते आहे.

अन्य वाटाही बंद आहेत. अंगावर मॅनोज साखर मिरवणाऱ्यांना वेगळी प्रथिने हेरतात. प्रतिपिंडे आधीच हजर असतील, तर सी१ पासून सुरुवात होते. मग सी४, मग सी२, मग सी३. क्रम चुकलेला नाही, नावे देताना पुढची साखळी कुणाला ठाऊक नव्हती. पळण्याचा बेत आकड्यांवरून आखू नये.

शेवटी सी५ फुटते. सी६, सी७, सी८ आणि कितीतरी सी९ मिळून तुमच्या आवरणात सुमारे १० नॅनोमीटरचे भोक पाडतात. जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू यातून वाचतात आणि त्याचा त्यांना फार अभिमान असतो. हळद त्यांनाही लागतेच.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्डे यांनी १८९५ मध्ये दाखवले, की रोगप्रतिकारक रक्तद्रव ५५ अंशांना तापवला तर त्याची मारकशक्ती जाते, आणि लस न दिलेल्या प्राण्याचा ताजा रक्तद्रव मिसळला की परत येते. त्यांना १९१९ चे नोबेल मिळाले. जळगावचा पारा ४५ वर गेल्याचे वाचून काही जिवाणू मे महिन्यात येण्याचा बेत करतात, असे ऐकिवात आहे. एक तर १० अंश कमी पडतात. दुसरे, माणूस आतून ३७ च्या आसपासच राहतो. उन्हाने शेतकरी चिडतो, सी३ नाही.

आता कामाचे. सी३बीला आपला-परका कळत नाही. ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या पेशींवरही बसते. त्या वाचतात, कारण त्यांच्यावर सीडी५५, सीडी५९ अशी आवर घालणारी प्रथिने असतात, आणि रक्तातले फॅक्टर एच त्यांच्यावरचे सायलिक आम्ल ओळखून हल्ला थांबवते. म्हणून यशस्वी जिवाणू लढत नाहीत, चोरी करतात. मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस हेच फॅक्टर एच अंगावर ओढून घेतो. घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकसही तेच करतो. काही विषाणू तर आवर घालणाऱ्या प्रथिनांच्या नकलाच स्वतःच्या जनुकांत बाळगतात. अशा नकला कशा काम करतात, यावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेने बरेच काम केले आहे. त्या गावी जपून जावे.

याच साहूंनी अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्याबरोबर १९९६ मध्ये सी३ला अडवणारा छोटा पेप्टाइड शोधला होता. त्यातूनच पुढे पेगसेटाकोप्लान हे औषध आले. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तांबड्या पेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ नसल्याने स्वतःचीच पूरक प्रथिने त्या फोडतात, अशा दुर्मीळ विकाराच्या रुग्णांना ते देतात. म्हणजे जिथे सी३ला औषधानेच बांधून ठेवले आहे, असे घर. मेनिंगोकोकस मंडळींच्या तोंडाला पाणी सुटेल, पण औषधाआधी अशा रुग्णाला त्यांच्याविरुद्धची लस टोचण्याचा दंडक आहे. आत शिरण्यापूर्वी लसीची नोंद तपासून घ्यावी.