लडाखआधी दहिसर
(उपनगरातल्या नवशिक्या बाइकस्वारांसाठी मार्गदर्शिका)

सर्वप्रथम हँडलला रंगीत तिबेटी पताका बांधा. लडाखला जाऊन आल्यावरच त्या बांधायच्या, असा एक जुनाट समज आहे. तिकडे लक्ष देऊ नका. अंधेरीतही त्या फडफडतात. फक्त गाडीला थोडा वेग हवा, आणि तो रात्री दीडनंतर मिळतो. मग दोन्ही बाजूंना पेट्या लावा. गाडी आता किती रुंद झाली हे मोजायची गरज नाही, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षावाले ते तोंडी सांगतात.

आता गाडी सोसायटीबाहेर काढा. इथे जरा वेळ लागेल. क्लासिक ३५०चं वजन १९५ किलो. पेट्या भरल्या, मागे माणूस बसलं, की पुढचा हिशोब तुमचा तुम्ही करा. साठच्या वेगात हे वजन जाणवत नाही. ते जाणवतं गेटपाशी, पेव्हर ब्लॉकच्या उतारावर, वॉचमन ‘घ्या, घ्या, अजून घ्या’ म्हणत असताना. हँडल पूर्ण वळवलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते, हे शिकायला खारदुंगला खिंड लागत नाही. म्हणून हळू वळताना पुढचा ब्रेक विसरा. हाफ क्लच, किंचित रेस आणि उजव्या पायाखाली मागचा ब्रेक हलका धरलेला. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा. खांबाकडे बघाल तर खांबाकडेच जाल. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात हे तासभर घोटा. मित्र तोवर लोणावळ्याहून मिसळीचे फोटो पाठवतील, पाठवू द्या.

तरीही गाडी कलंडलीच, तर हिरो होऊन तिला तोलू नका. सोडा आणि पाय बाजूला घ्या. नंतर इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर मेहनतीने उचललेली गाडी डावीकडे पाडण्याचा मान मिळतो. गाडीकडे पाठ करून खाली बसा, ढुंगण सीटला टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठा. कमरेतून वाकून उचलणाऱ्यांची टूर हाडवैद्याकडे संपते.

हेल्मेट कोपरात अडकवून नेण्याची उपनगरी पद्धत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ला मात्र ते डोक्यावर हवंय, मागे बसणाऱ्याच्याही, आणि पट्टा लावून.

ब्रेकबद्दल प्रत्येक घरात एक काका असतो. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील’ हे त्याचं आयुष्यभराचं संशोधन. प्रत्यक्षात ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम तेच चाक करतं. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक लावा, पुढचा झटक्याने न लावता दाब वाढवत न्या. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडी जास्तच धावते. म्हणजे मुलुंडच्या हायवेवर समोरची रिक्षा थांबली हे मेंदूला कळेपर्यंतच तुम्ही दीड बसइतके पुढे गेलेले असता. वेग ८०चा असेल तर त्यानंतरचं ब्रेकचं अंतर जवळपास पावणेदोनपट होतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा ओल्या असतील तर त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण.

रस्ता निवडताना डोकं फार चालवावं लागत नाही. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पुण्याचा एक्सप्रेसवे, समृद्धी: सगळीकडे दुचाकीला बंदी. सरकारने इतका अभ्यासक्रम कमी करून दिलाय. बोरिवलीकरांचा पहिला घाट घोडबंदरचा गायमुख. चढण थोडी, खड्डे मुबलक, शिवाय बाजूला कंटेनर. तिथे हात बसला की पुण्याच्या जुन्या हायवेने खोपोलीला जा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता तोच ठेवा; न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणाऱ्याला ब्रेक तापल्याचा वास येतो.

खोपोलीपुढे बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ लागेल. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, तिथे नाणं वाहतात. चालत्या गाडीवरून नाणं फेकू नका, कडेला थांबा. आणि सुटं नाणं निघतानाच जाकिटाच्या वरच्या खिशात ठेवा, कारण हातमोजे घातल्यावर पँटच्या खिशात हात जात नाही.