डिक्कीतला गूढ आवाज

नांदेड-लातूर पट्ट्यात मांडणीवरची ताटं खुळखुळली की माणूस आधी छताच्या पंख्याकडे बघतो. बंद पंखा झुलत असेल तर भूकंप, नसेल तर वरात. एवढ्या शास्त्रावर आमचं बरं चाललं होतं. मग माझ्या भाच्यानं गाडीत ऊफर बसवला आणि तिसरा रकाना काढावा लागला.

बाकीच्या महाराष्ट्राला यात विशेष वाटणार नाही. आमचे कान मात्र वेगळे झालेत. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी भोगली, त्यांच्यासमोर आजही कुणी पलंग सरकवताना आधी सांगून सरकवतो. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून गडगड ऐकू यायला लागली आणि गावाची झोप उडाली. वसमतकडच्या पांगरा शिंदेला तर ही गडगड जुन्या ओळखीची. 21 मार्च 2024 ला सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातला 4.5 तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत आला, तेव्हा आमची अख्खी गल्ली तोंडातल्या ब्रशसकट रस्त्यावर उभी होती. जमिनीखालच्या गडगडीला पेपरवाले 'गूढ आवाज' म्हणतात. अशा मुलखात, जिथं बेस जमिनीतून फुकट मिळतो, तिथं पैसे मोजून तो डिक्कीत भरून घ्यायचा म्हणजे हौसेची कमाल झाली.

पण भाच्याचं दुखणं खरं होतं. "मामा, कंपनीच्या टेपला बेसच नाही. नुसतं चिंव चिंव करायलंय." दारातले स्पीकर ताटलीएवढे; टेप प्रत्येकाला खरी ताकद देतो पंधरा-वीस वॅटची. त्यात बऱ्याच कंपन्या एक शहाणपणा करतात: आवाज वाढवत नेला की बेस आपोआप कमी करतात, म्हणजे स्पीकर फाटून गिऱ्हाईक दारात यायला नको. सौम्य माणसाला हे चालतं. भाचा लातूरचा आहे.

"तुम्ही नुसतं सोबत बसा," तो म्हणाला. "वडीलधारं माणूस दिसलं की भाव कमी करतेत." म्हणून मी नांदेडच्या एका गल्लीतल्या दुकानात स्टुलावर वडीलधारा होऊन बसलो. भाव काही कमी झाला नाही, चहा मात्र आला. भाच्यानं 1000 वॅट लिहिलेला ॲम्पचा डबा छातीशी धरला होता. मिस्त्रीनं तो काढून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मामू, डब्बे पे जो लिक्खे वो डब्बे का वॅट. अंदर का आरएमएस देखो." आरएमएस म्हणजे यंत्र धाप न लागता सतत देऊ शकतं ती ताकद. ती निघाली 150. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांवरही हा आकडा शेजारी छापायला हवा, असं मला वाटून गेलं.

मिस्त्रीचं काम बघण्यासारखं होतं. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत करंगळीएवढी जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. वायर वाटेत कुठं पत्र्याला घासली तर फ्यूज जळावा, गाडी जळू नये. कंपनीच्या टेपला ॲम्प जोडायची वेगळी सोय नव्हती, तेव्हा मागच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज काढून घेतला. तो गाडीच्या एका बाजूनं नेला आणि करंट दुसऱ्या बाजूनं. दोन्ही शेजारी गेले तर इंजिनाची कुईं गाण्यात उतरते, आणि रेस वाढवली की तीही वरच्या पट्टीत जाते. मग अर्थिंग. त्यासाठी सीटखालच्या बोल्टभोवतीचा रंग त्यानं पॉलिश पेपरनं घासून पत्रा लख्ख उघडा केला. भाच्याचा चेहरा पहिल्या मुलाचं जावळ काढताना बापाचा होतो तसा झाला.

सगळ्यात मला आवडला पेन्सिल सेल. रिमोटमधला, दीड व्होल्टचा. मिस्त्रीनं तो ऊफरच्या दोन वायरींना नुसता टेकवला आणि एवढा मोठा काळा पडदा 'फुप्प' करून पुढं आला. "बाहर आया तो सिद्धा, अंदर गया तो उल्टा." ऊफर उलटा जोडला आणि दारातले स्पीकर सुलटे, तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि दोघांच्या भांडणात बेस जातो. आमच्या ऑफिसात असं कित्येक वर्षं चाललंय; सेल टेकवणारा कुणी भेटला नाही.

80 हर्ट्झच्या वरचं काही ऊफरकडे जायचं नाही, अशी कळ लावून त्यानं गाणं सुरू केलं. पहिल्याच ठोक्याला गाडीतल्या प्रत्येक सैल वस्तूनं हजेरी दिली. नंबरप्लेट ढर्रर्र झाली. जॅक, पाना, ॲशट्रेमधली चिल्लर, डिक्कीवरची फळी, सगळे बोलले. डॅशबोर्डवरचा गणपती ठोक्यागणिक थोडा थोडा फिरत गेला आणि गाणं संपेस्तोवर ड्रायव्हरकडे पाठ करून बसला. भाच्यानं तो अपशकुन मानला नाही, डबल टेपची उणीव मानली. नंबरप्लेटमागं फोम आणि पत्र्याला आतून काळी जाड शीट, असा खर्चाचा दुसरा अध्याय सुरू झाला.

पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास 7 मीटर लांब असते. भाच्याची गाडी साडेतीन मीटर. अशी लाट पत्र्याला आणि काचेला जुमानत नाही. म्हणून बाहेरच्यांना चाल नाही, शब्द नाहीत, नुसती ढब ढब पोचते. गाणं मालकाचं, ढब ढब गावाची. आणि हे लातूरच्या ट्यूशन एरियात, जिथं खिडकीखिडकीत एक पोरगं नीटच्या तयारीत डोकं धरून बसलेलं असतं! रहिवासी भागात रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. भाचा दहाला पाच कमी असताना फेरी मारून येतो. एकदा वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, फिजिक्स चाललंय!" हा खालून म्हणाला, "मग मी काय वाजवायलोय?"

त्याची आजी, म्हणजे अक्काच्या सासूबाई, किल्लारीकडच्या. डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला आल्या होत्या. त्यांना परत न्यायला भाचा आला तेव्हा मीही लातूरला निघालो. संध्याकाळ झालेली. बेसच्या ठोक्याला ॲम्प एकदम करंट ओढायचा आणि हेडलाइट मिचकायचे. समोरचे ट्रकवाले त्याला डिप्पर समजून इमानेइतबारे उलट डिप्पर द्यायचे. लोह्याच्या अलीकडे आजी म्हणाल्या, "थांबीव." थांबवली. त्या उतरून रस्त्याकडेला उघड्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"जमीन हालायलीय."

"आजी, गाडी हालायलीय."

"गाडी जमिनीवरच हाय की."

यावर मिस्त्रीकडेही उत्तर नसतं. भाच्यानं गाणं बंद केलं, आजी बसल्या, आणि अहमदपूरपर्यंत आम्ही टायरचा आवाज ऐकला. तिथं चहा झाल्यावर त्याच म्हणाल्या, "एवढं पैसं घातलेत, तर अभंग तरी लाव."

भाच्यानं लावला. गाडी हलत होती, गणपती डबल टेपच्या जिवावर तग धरून होता, आणि आजी डोळ्यांवरचा हिरवा चष्मा सांभाळत मान तिरकी करून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कणीक जास्त झालीय."

भाच्याला वाटलं, भूक लागली. त्यानं ढाब्यासाठी गाडी हळू केली. मला उलगडलं ते असं की आजोबा गावच्या सप्ताहात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या पुडीवर वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात; गोळा वाढवला की घुमारा खाली उतरतो, फाजील झाला की बोल जड पडतात. गोळा मळून द्यायचं काम आजींचं होतं.

ॲम्पची कळ डिक्कीत. चाकूरला गाडी बाजूला घेऊन भाचा मागं गेला, मोबाइलच्या उजेडात ती डावीकडे फिरवून आला. अभंग पुन्हा लागला.

"लई काढलीस," आजी म्हणाल्या. "चिमूटभर लाव."

भाचा पुन्हा उतरला.